गलबताचा उन्हाळा

लाकडी मॉडेल गलबतावर डिसेंबरात चोख बसलेली फळी एप्रिल संपता संपता शेजारच्या फळीपासून सुटते. फट केसाएवढीच असते, पण गलबताच्या पोटावरून नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जाणारी ती रेघ एकदा नजरेस पडली की दुसरं काही दिसत नाही. बहुतेक जण लगेच सरसात भुसा कालवून ती भरून टाकतात. तसं करूच नये. जुलैत त्याच फळ्या फुगतात, भरलेला भुसा त्यांना जागा देत नाही, आणि मग फळी चिकटवलेल्या जागेवरून उचलली जाते. फट म्हणजे लाकूड आकसलं, एवढंच. उचललेली फळी म्हणजे सांधाच मोडला.

समुद्रकाठी मॉडेल बांधणाऱ्याला हा ताप फार नसतो. तिथली हवा वर्षभर कमी-अधिक ओलीच असते. चंद्रपूर, वर्धा, यवतमाळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की ओला टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. दोन महिन्यांनी त्याच खोलीत मिठाची बरणी पाझरू लागते. लाकूड या दोन्ही टोकांच्या मागे धावतं. उघड्या खोलीतल्या लाकडात मे महिन्यात ५ टक्क्यांच्या आसपास ओल उरते, भर पावसाळ्यात ती १५ च्या वर चढते. हा १० टक्क्यांचा फरक ज्याने हिशेबात धरला नाही, त्याचं गलबत विदर्भात टिकत नाही, मग कारागिरी कितीही चांगली असो.

हिशेब अवघड नाही. पूर्ण ओलं साग हाडासारखं सुकेपर्यंत वलयांच्या दिशेने, म्हणजे आडवं, साधारण ५.८ टक्के आकसतं. गाभ्याकडून सालीकडे मोजलं तर फक्त २.५ टक्के. ही सगळी आकसण २८ टक्के ओलीच्या खालीच होते. म्हणजे आडव्या चिरेच्या फळीत दर टक्का ओलीमागे रुंदीत सुमारे ०.२ टक्का फरक पडतो. ५ मिमी रुंदीची पट्टी १० टक्के फरकाने ०.१ मिमी हलते. एका पट्टीत हे काहीच नाही. पण एका बाजूला अशा २० ओळी असल्या की २ मिमी होतात, आणि ते २ मिमी कुठे ना कुठे फट होऊन बाहेर येतात. तीच पट्टी उभ्या चिरेची असली तर हाच आकडा १ मिमीच्या आत राहतो. म्हणून आरामशीनवरून तुकडा उचलताना आधी त्याचं टोक पाहावं. वलयांच्या रेघा पट्टीच्या रुंदीला काटकोनात उभ्या हव्यात. रेघा पट्टीच्या रुंदीबरोबर आडव्या पडल्या असतील तर तो तुकडा खालच्या स्टँडला वापरावा, पोटाला नको.

लाकडाच्या बाबतीत एक गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. गडचिरोलीतल्या आलापल्लीचं साग जगात नावाजलेलं, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून सागच गेलं, तेव्हा गलबतही सागाचंच हवं असं वाटतं. आपल्याकडची खरी जहाजं सागाची असत, यात वाद नाही. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, आणि तिच्या दीर्घायुष्याचं मोठं श्रेय मलबारच्या सागाला आहे. पण लाकडाचं पोत मॉडेलच्या प्रमाणात लहान होत नाही. सागाची छिद्रं डोळ्यांना दिसतात. १:९६ मापात, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या ९६व्या हिश्शाएवढं असताना, तीच छिद्रं खऱ्या जहाजावर बोटभर रुंद चरांएवढी ठरतात, आणि मॉडेल जहाजासारखं दिसण्याऐवजी जहाजाच्या आकाराच्या फर्निचरसारखं दिसू लागतं. १:४८ किंवा त्याहून मोठ्या मापात साग चालतं, त्याहून लहान मापात नाही.

आपल्या जंगलात या कामाला सागापेक्षा सरस लाकूड आहे, ते हळदू. पोत इतकं बारीक की काटकोनी कड राहते आणि ०.७ मिमीचं छिद्र पाडलं तरी तुकडा फाटत नाही. युरोपातले मॉडेलकार बॉक्सवुडचं जे कौतुक करतात, त्यातलं बरंचसं हळदूला लागू पडतं. ताजं कापलं की पिवळं असतं, उजेडात राहून तांबूस-तपकिरी होत जातं, तेव्हा डेकच्या सगळ्या पट्ट्या एकाच तुकड्यातून काढाव्यात. आतल्या थराला आणि नाळेच्या ठोकळ्यांना शिवण उत्तम. हलकी, पटाशीला गोड, आणि हवेने कमी हलणारी. जहाजाच्या कुशीवरच्या काळ्या जाड पट्ट्यांसाठी रंग लावण्यापेक्षा जुन्या तेंदूच्या गाभ्यातलं काळं लाकूड मिळालं तर पाहावं. फळ्या पक्क्या करायच्या बारीक खुंट्यांसाठी बांबू, त्याला तोड नाही.

हे सगळं फर्निचर करणाऱ्या सुताराच्या भुशाच्या ढिगात सापडतं. हातभर लांब, दोन बोटं जाड तुकडे त्याला चुलीपलीकडे उपयोगाचे नसतात. स्वतःच्या बांधावरचं झाड असलं तरी साग तोडायला आणि हलवायला परवाना लागतो, म्हणून तुकडे पावतीसकट घेणं बरं. तुकड्याच्या कडेचा पांढरा भाग तासून टाकावा. भुंगेरे आणि उधई तिथूनच सुरुवात करतात, आणि भुंगेऱ्याने एकदा मॉडेलच्या आत घर केलं की पिठासारखी भुकटी पडू लागेपर्यंत कळत नाही. बांबूलाही हीच भीती. तो चिरून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात चार-पाच दिवस बुडवून, सावलीत वाळवूनच वापरावा.

आता बांधणी. कोकणात जहाजाच्या कण्याला पठाण म्हणतात, फासळ्यांना वांक. मॉडेलमध्ये सोपी रीत अशी की पठाणाच्या आकाराचा एक सलग उभा फळा ४ मिमी प्लायचा कापायचा आणि त्याला खाचा पाडून वांकांच्या जागी आडवे प्लायचे पडदे बसवायचे. पडद्यांतलं अंतर ३० मिमीच्या आसपास ठेवावं. ४० च्या पुढे गेलं की मधली फळी आत बसते आणि पोट भुकेल्या बैलासारखं दिसतं. स्वस्त प्लायच्या आत पोकळ्या असतात. कापल्यावर कड उजेडासमोर धरली की त्या दिसतात. तिथे टाचणी किंवा खुंटी बसत नाही, म्हणून तसा पडदा बाजूला ठेवावा.

पडदे बसले की घाई होते ती फळ्या चढवायची, आणि बहुतेक गलबतं इथेच बिघडतात. प्रत्येक पडद्याची कड फळीच्या वळणाप्रमाणे तिरपी तासावी लागते. लवचीक पट्टीला १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून एका वेळी तीन-चार पडद्यांवरून घासायचं. मग फळीची पट्टी नुसती टेकवून पाहायची. ती निदान तीन पडद्यांना पूर्ण कडेने टेकली पाहिजे, नुसत्या कोपऱ्याला नव्हे. एखादा पडदा उंच राहिला तर तिथे कुबड येतं, खोल राहिला तर खळगा, आणि वरून कितीही घासलं तरी १.५ मिमीच्या फळीत ते लपवायला लाकूडच उरत नाही.

फळ्यांची वाटणी कागदाच्या पट्टीने करावी. मधल्या पडद्यावर डेकपासून पठाणापर्यंत पट्टी गुंडाळून मापली आणि १०० मिमी आली, तर ५ मिमीच्या २० ओळी. नाळेजवळच्या पडद्यावर तीच पट्टी ६० मिमी आली, तर तिथे प्रत्येक फळी ३ मिमीची निमुळती करायची. मूळ रुंदीच्या निम्म्यापेक्षा बारीक टोक करू नये, ते टाचणीने फाटतं आणि दिसायलाही खोटं वाटतं. माप निम्म्याखाली जात असेल तर दोन फळ्यांची तिथे एकच करावी. मागच्या बाजूला उलट होतं. माप ११० आलं तर फळ्या रुंद करायच्या नाहीत, मध्ये पाचरीसारखे तुकडे घालायचे. आणि एका बाजूला दोन ओळी झाल्या की थांबून दुसऱ्या बाजूला दोन. एकाच बाजूच्या पाच-सहा ओळी चढवल्या तर ओल्या सरसाचा आणि वाकलेल्या लाकडाचा ताण पठाणाला पीळ देतो, आणि तो पीळ पुढे कशानेच निघत नाही.

फळी वाकवण्याबद्दल मला सर्वांत जास्त आग्रह धरावासा वाटतो, कारण इथेच आपला उन्हाळा आडवा येतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा सरस उष्णतेने मऊ होतो. टिनाच्या छपराखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी तो ताण सहन करत नाही, हळूहळू सरकतो. फळी जबरदस्तीने दाबून चिकटवली असेल तर ती थोडी थोडी सरळ होत सुटते, आणि दोष सरसाला दिला जातो. वाक लाकडातच बसवायला हवा. पट्टी गरम पाण्यात १५–२० मिनिटं ठेवावी, सोल्डरिंग लोखंडाच्या अंगावरून किंवा आत मेणबत्ती लावलेल्या पत्र्याच्या डब्यावरून हळूहळू वळवावी, आणि साच्यावर टाचून रात्रभर वाळू द्यावी. साच्यावरून काढल्यावर ती नुसती ठेवून जागेवर बसली पाहिजे, तेव्हाच सरस. पट्टी चपट्या बाजूने वाकते. कडेच्या दिशेने वाकवायला गेलं तर पिळते आणि एक कड वर उठते. तिथे रुंद पट्टीतून वळणाच्या आकाराचीच फळी कापून काढण्यावाचून इलाज नाही.

सागाला सरस लावण्याआधी सांध्याची बाजू ताजी तासून स्पिरिटच्या फडक्याने पुसावी. त्याच्या अंगचं तेल सरसाला धरू देत नाही. झटपट चिकटणारा सरस हवेतल्या ओलीने सुकतो, म्हणून मे महिन्यात तो रेंगाळतो आणि ऑगस्टमध्ये बाटलीतच घट्ट होतो. बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी.

शेवटच्या चार-पाच ओळी राहिल्या असताना थांबावं आणि गलबताच्या आतून पातळ लाखेचे दोन हात द्यावेत. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, १०० मिलीला १५ ग्रॅम या हिशेबाने. बाहेरून पॉलिश सगळेच करतात, आतून कुणी करत नाही, आणि मग ओल आतल्या उघड्या अंगाने शिरते, बाहेरच्या बंद अंगाने निघत नाही, फळी वाटीसारखी वाकते. लाख ओल थांबवत नाही, पण तिची चाल मंद करते, आणि दोन्ही अंगांची चाल सारखी करते. तेवढं पुरतं.

आणि वेळ. फळ्या दिवाळी ते होळी याच काळात चढवाव्यात. तेव्हा लाकडातली ओल ९–१० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन टोकांच्या मधोमध असते. पट्ट्या कापून निदान तीन आठवडे त्याच खोलीत, सुटसुटीत बांधून, आडव्या ठेवलेल्या असाव्यात. मे महिन्यात बांधलेलं गलबत पावसात फुगून फुटतं, ऑगस्टमध्ये बांधलेलं उन्हाळ्यात फाटतं. उन्हाळ्यात तोफा, कप्प्या, तीन भोकांच्या लाकडी चकत्या, असले बारीक सुटे भाग करावेत. पावसाळा हत्यारांचा.

हत्यारांसाठी शहराकडे पाहण्याची गरज फार पडत नाही. तालुक्याच्या मेडिकल दुकानात ३ नंबरची सर्जिकल मूठ आणि तिला बसणारी ११ नंबरची पाती मिळतात. त्याहून धारदार चाकू या कामाला नाही. सरसासाठी २ मिलीची सिरिंज तिथलीच. सोनाराची बारीक करवत, तिची २/० ची पाती, चिमटे, आणि तार ओढायचं जंतर, म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी. हे जंतर बांबूच्या खुंट्यांना लागतं, पण उलटं वापरायचं. सोनार तार रुंद तोंडातून घालून अरुंद तोंडातून ओढतो, म्हणजे ती दाबून बारीक होते. बांबूची काडी अरुंद तोंडाच्या बाजूने घालायची, म्हणजे भोकाची तीक्ष्ण कड तिला तासत जाते. काडी सालीलगतच्या भागाची, दोन पेरांमधली घ्यावी. खऱ्या जहाजाची ३० मिमीची खुंटी १:४८ मध्ये ०.६ मिमीच्या जवळ येते. तिथपर्यंत सहा-सात भोकांतून उतरत जावं. मधलं एक भोक गाळलं की काडी तुटते. तितकीच बारीक ड्रिलची पाती तुटतात ती जोराने नव्हे, तिरकेपणाने आणि भुसा अडकल्याने. पातीच्या जाडीच्या तिप्पट खोल गेलं की बाहेर काढून भुसा झटकायचा.

सागात वाळूचा अंश असतो, म्हणून तो पटाशीची धार झपाट्याने खातो. मोठ्या कामाला २५ अंशांची धार चालते, सागाला ३० ठेवावी. कोनमापक नको: धारेच्या उतरणीची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असली की ३० अंश होतात. आधी पात्याची पाठ सपाट करावी. काचेच्या तुकड्यावर १००० चा वॉटर पेपर ओला करून चिकटवावा आणि पाठ त्यावर घासावी, धारेलगतचा बोटभर भाग आरशासारखा होईपर्यंत. पाठ सपाट नसेल तर उतरण कितीही घासली तरी धार येत नाही, कारण धार म्हणजे दोन सपाट बाजूंचं भेटणं. मग उतरण १००० वर, नंतर २००० वर, आणि शेवटी पाटीला चिकटवलेल्या चामड्यावर पॉलिशची हिरवी वडी घासून मागे ओढत दहा-बारा हात. बारीक पटाशी विजेच्या चाकावर देऊ नये. टोक निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून टाकेपर्यंत ती धार धरणार नाही.

कानशीच्या दातांत लाकूड आणि पितळ भरतं. वापरण्याआधी तिच्यावर शाळेचा खडू घासला की कण चिकटत नाहीत, आणि साफ करताना तारेचा ब्रश दातांच्या दिशेने ओढायचा, आडवा नाही.

गंज पावसाळ्यातच येतो असं आपण धरून चालतो. खरं तर आपल्याकडे मे महिन्यात जास्त येतो, आणि आणतो तो कूलर. बाहेर कोरडी ठणठणीत हवा, खोलीत कूलरची ओली झुळूक, आणि तिच्या वाटेत उघडी पडलेली पटाशी. कूलर असलेल्या खोलीत हत्यारं बंद पेटीत असावीत, आणि गलबत तर त्या वाऱ्यात मुळीच नसावं. दुपारी ओलं, लोडशेडिंगला कोरडं, असा दिवसातून दोनदा हेलकावा ऋतूच्या हेलकाव्यापेक्षा वाईट. पेटीत निळं सिलिका जेल ठेवावं, ते गुलाबी झालं की जुन्या तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत तापवावं. स्वयंपाकाचा तवा मात्र नको, त्या निळ्या रंगाचं द्रव्य विषारी असतं.

लोखंडावर शिलाई मशीनचं तेल, तेही पुसून उरेल इतकंच. जवसाचं तेल घरात असतं म्हणून ते लावू नये. ते सुकून चिकट थर होतो आणि रंध्याचा स्क्रू फिरत नाही. ते लाकडी मुठींना लावावं, तिथे ते सुकतं हाच गुण आहे. पण जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकणं हा खरा धोका. सुकताना ते तापतं, आणि उन्हाळ्याच्या बंद खोलीत आपोआप पेटू शकतं. फडकं बाहेर दोरीवर पसरून वाळवावं, किंवा पाण्यात बुडवून मग फेकावं.

छोट्या विजेच्या ड्रिलला गावचं व्होल्टेज मारतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते, तिच्या आतला पंखाही मंदावतो, आणि माणूस वेग भरून काढायला जोर लावतो. मोटर जळते ती तिथे. आवाज जड झाला की काम थांबवावं. कार्बन ब्रश मूळ लांबीच्या तिसऱ्या भागाएवढे उरले की बदलावेत. आत ठिणग्या जास्त दिसू लागल्या तर ब्रश आधी पाहावेत, मोटर नंतर. सागाचा भुसा नाकात आणि कातडीवर खाज आणतो, तेव्हा तोंडाला मास्क हवाच.

दोर शेवटी. सुती दोर ओल्या हवेत आखडतो, कोरड्या हवेत ढिला पडतो. मे महिन्यात ताणून बांधलेले दोर ऑगस्टमध्ये डोलकाठीलाच मागे ओढतात. बारीक परभाण, म्हणजे शीड बांधायची आडवी काठी, तर मोडतंही. पॉलिस्टर धागा जवळजवळ हलत नाही, पण त्याची चकाकी खोटी दिसते, म्हणून त्यावरून मेणाचा हात फिरवावा. सुतीच वापरायचा तर हिवाळ्यात, हलक्या ताणाने.

गलबत काचपेटीत ठेवताना आत शिशाचे भाग नसावेत. बंद पेटीतल्या लाकडातून येणारी आम्ल वाफ शिशाला खाते, तोफांवर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत त्या चुऱ्यासारख्या होतात. पितळेच्या करून घ्याव्यात. पेटीच्या तळाला मागच्या बाजूने दोन बारीक भोकं ठेवावीत.

आणि स्टँडच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने दोन मापं लिहून ठेवावीत: मधल्या वांकावर डेकपासून पठाणापर्यंतचा घेर, एकदा मेच्या शेवटी, एकदा ऑगस्टच्या मध्यात, कागदाच्या पट्टीने घेतलेला. दोन वर्षं लिहिलं की त्या खोलीचा, त्या लाकडाचा स्वतःचा आकडा हातात येतो. पुढच्या गलबताच्या पट्ट्या किती रुंद कापायच्या, हे त्यावरून ठरवता येतं.